तुरटीला वास नसतो

तुरटीला वास नसतो म्हणतात.
मला येतो.
ओल्या पाटीसारखा, थोडा लोखंडाचा,
अक्कोळ रोडवरच्या त्या खोलीचा,
जिथे खुर्च्या दोन होत्या आणि फिरायची एकच.

निपाणीत घरात शिरणारा
आधी तंबाखू म्हणून यायचा, मग माणूस म्हणून.
आबा तर वखारीत मुकादम.
सदऱ्याला, हजेरीच्या वहीला,
मला दिलेल्या लिमलेटच्या गोळीलासुद्धा
जर्द्याचा ठसका.
आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची
आणि पाणी बिनदुधाच्या चहासारखं व्हायचं.

फक्त रविवारी, साडेदहापासून जेवणं होईपर्यंत,
आबांना दुसराच वास असायचा.

मी सोबत जायचे, बॉबकटला, नाहीतर उगीच.
ईराप्पा हडपद खुर्चीच्या हातांवर फळी टाकायचा,
"कुंद्री बाईसाहेब."
माझं झालं की आबा.
कपातला गोल साबण, मधोमध खड्डा पडलेला,
ब्रशचे निम्मे केस गळलेले,
पण फेस चढू लागला की खोलीत कुठूनतरी
न पाहिलेल्या फुलांचा वाफा यायचा.
डबीवर लव्हेंडर लिहिलेलं. आबा म्हणायचे लवंडर,
मला वाटायचं, लवंडतं म्हणून.
"मारी म्याल माडरी," ईराप्पा म्हणायचा
आणि मराठीशिवाय सही न करणारे आबा
निमूट हनुवटी वर करायचे,
गळा उघडा टाकून, डोळे मिटून.

शेवटी तुरटी. मग पफ. मानेमागे पांढरा ढग.
परतताना मी आधी वारा बघायची
आणि तो जिकडे जाई त्या बाजूने चालायची.

एका रविवारी उजाडलं
तर रस्ताभर पाट्या काळ्या.
ईराप्पाचीही.
गोल गोल कानडी अक्षरांवरून
डांबराचा एकच आडवा हात.
आबा त्या दिवशी जायला नको म्हणत होते.
मीच ओढून नेलं.

ईराप्पा बोलला नाही काही.
आबांना बसवलं, गळ्याला कापड बांधलं,
आणि दाढी राहिली बाजूला,
कापडाखालून त्यांचा उजवा हात बाहेर काढला.
नखांच्या कडा. अंगठ्याची बेचकी.
आतून, स्टोव्हजवळचा, रॉकेलचा बोळा आणला.
एकेक बोट पुसलं.
मग दाढीचाच फेस, त्याच ब्रशने,
मग तुरटी फिरवली सावकाश,
जसं काही तिथे कापलं होतं.
धारवाडचा रेडिओ बाजारभाव सांगत होता.
दोघेही ते ऐकत होते, फार लक्ष देऊन.

त्यानंतर आबांनी त्या दुकानात
सुटे कधी परत घेतले नाहीत.
बाकी सगळं तसंच. मोर्चेसुद्धा.
पाटी ईराप्पाने ब्लेडने खरवडली,
एक अक्षर मात्र तपकिरी राहिलं ते राहिलंच.

आता तिथे त्याचा गंगाधर असतो.
एसी आहे. खुर्च्या तीन, तिन्ही फिरतात.
ट्यूबमधून निळा जेल निघतो,
त्याला समुद्राचा वास आहे म्हणे.
असेल. निपाणीत तो ताडून बघणार कोण?

भाच्याच्या लग्नाआधी त्याला घेऊन गेले होते.
गंगाधरला विचारायचं होतं,
अप्पा कधी काही बोलले होते का घरी,
त्या रविवारचं.
तोंड उघडलं आणि विचारलं ते भलतंच:
"तुरटी ठेवतोस का रे अजून?"

खालच्या खणातून काढली,
कानडी पेपरात गुंडाळलेली,
झिजून सुपारीएवढी.
नाकाशी नेली तसा तो हसला,
"हुंगताय काय अक्का, खडा आहे तो."

आधी रॉकेल आलं.
मग लवंडलेलं ते सगळं.
तंबाखू अगदी शेवटी,
दार लोटून, चपला बाहेर काढून आल्यासारखी.