हलू नका

अंगठी काढा, पट्टा, खिशातली नाणी.
डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?
तो मान डोलावतो. गोदीत तीस वर्षं वेल्डिंग केलेल्याच्या
डोळ्यात काय काय गेलं नसेल.
म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे, मग बाकीचं.
अर्जावर नाव आहे: बोगुमिल.
तोंडी विचारलं, आणि ब वर
गदान्स्कचा अख्खा मंगळवार अडून राहिला.

पंधरा वर्षं मी माणसं या बोगद्यात सरकवते आहे.
गुडघे, मणके, गाठी.
बोलणं पाहायचं, हे डॉक्टर हाल्श्काचं खूळ:
समोर शब्द येईल, तो मोठ्यानं वाचायचा,
डोकं मात्र तसूभर हलवायचं नाही.
ज्याचा शब्द मानेला हिसका देऊनच बाहेर येतो
त्याला हे सांगताना माझीच जीभ जड झाली.

मशीन सुरू झालं. ठाक ठाक ठाक, घर्रर्र,
जहाजाच्या पोटात हातोडे पडावेत तसं.
त्याला ते घरचंच.
आणि माझ्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला,
ब्लाखा, ब्रामा (पत्रा, फाटक), शेवटी बोगुमिल.
सरळ. बिजागरीत तेल घातल्यासारखा.
डॉक्टर कपाळाला हात लावून बसली:
या गोंगाटात त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही,
म्हणून तो अडत नाही.
अडखळणं पाहायला आणलेलं यंत्र
अडखळणंच पुसून टाकतंय.

मग तिनं मधे मधे शांतता पेरली.
आठ सेकंद सगळं बंद.
त्या आठ सेकंदांत ब पुन्हा दार झाला, आतून कडी लावलेलं.
आणि पडद्यावर उजवीकडे केशरी उजेड,
एरवी एवढा नसतो म्हणे तिथं.
डावीकडचा गडी कामाला येईना
म्हणून शेजारचा न बोलावता धावून आल्यासारखा.
मदत की लुडबूड?
हाल्श्का म्हणाली, तेच तर माहीत नाही.

बाहेर आल्यावर त्यानं चित्र मागून घेतलं.
बराच वेळ पाहिलं. केशरी डागावर बोट ठेवलं.
"हे माझे व… व… वडील," म्हणाला,
"माझं वाक्य नेहमी तेच पुरं करायचे."

लॉकरच्या खिडकीपाशी पोरगेलासा रखवालदार:
नाव?
बोगुमिलचे ओठ मिटले, मिटलेलेच राहिले.
पोरानं घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे.
नाव मला पाठ होतं.
अर्जसुद्धा माझ्याच हातात होता.
मी हलले नाही.