अधिक साडेपाच

बर्फाच्या कारखान्यावर माझी खोली.
खाली लाद्या फुटतात, वर मी तारखा फोडते:
वर्ष, महिना, दिवस, मग एक टी,
मग तास-मिनिटं, आणि टोकाला तो एकटा झेड,
म्हणजे ही वेळ इथल्या कुणाच्याच गावची नाही.

देवगड बंदरातल्या एकशे बारा होड्यांची
ये-जा लिहून ठेवणारा प्रोग्राम माझाच.
होडी यंत्रातून हाक देते,
हाक आयर्लंडच्या सर्व्हरवर जाते,
तिथे साडेपाच तासांनी लहान होते.
परत आणताना तिला पुन्हा वाढवायचं.
एका ओळीचं काम.

संगणकाचा काळ सुरू होतो
एक जानेवारी एकोणीसशे सत्तरला, शून्य सेकंदापासून.
त्या शून्याला इथे पहाटेचे साडेपाच,
कुणीतरी रापण ओढत असणार.
मोतीराम काका तेव्हा दीड वर्षाचा.
त्याची जन्मवेळ सेकंदांत काढली तर ऋण येते.
हे सांगितलं तेव्हा हसला होता,
"म्हणजे मी उधारीवरच इलंय."

भरतीची वेळ काढायला त्याला कागदही लागत नसे.
तिथीची पाऊणपट. दशमी, साडेसात.
मी त्याचंच फंक्शन लिहिलं, बावीस ओळींचं,
ते वद्य पक्ष लागला की चुकायचं.
"तुझ्या घड्याळाक चंद्र म्हायत आसा काय?"

'सातेरी प्रसाद'ची शेवटची हाक
सर्व्हरवर आहे:
चौदा नोव्हेंबर, एकोणीस वाजून दहा, झेड.

विमा पंधरापासून लागू.
कंपनीचं पत्र दोन ओळींचं:
घटना मुदतीआधीची, दावा अमान्य.

रात्रभर मी माझाच कोड वाचत बसले.
पडद्यावर वेळ बरोबर होती, बारा चाळीस.
अहवालात मात्र मी तारीख आधी कापून घेतली होती
आणि साडेपाच मिळवले होते नंतर.
दोन ओळींचा क्रम उलटा.
अडीच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही;
लिलावाला आलेला माणूस मासळी बघतो,
ती कुठल्या तारखेची ते नाकाने कळतं.

ओळी अदलाबदल केल्या.
चौदाचे पंधरा झाले.
माफीचं पत्र जोडून नवा अहवाल पाठवला.
माफी कुणाची मागायची ते नीट सुचलं नाही,
"संबंधितांची" असं लिहिलं.

फेब्रुवारीत मंजुरी आली.
कागद घेऊन गेले तेव्हा सत्यवती काकी
उन्हातले बांगडे पालथे घालत होती.
हात पदराला पुसून तिने तारीख वाचली.
"पंधरा? शनवार?
गो चेडवा, सूर्य खंय उगवलो हुतो?
शुक्रवारच हुतो तो. दशमी.
वार सूर्यावांगडा बदलता, बाराक नाय."

मी जे चूक म्हणून खोडलं
तेच तिच्या हिशेबाला धरून होतं.
मी काही बोलले नाही.
बोट ठेवून रकाना दाखवला.
तिने पंधरा लिहिलं, मी सांगितलं म्हणून,
एकावर पाच जरा चढला,
आणि उरलेले बांगडे पालथे घालायला गेली.

त्या रात्री नोंदीत मी आणखी एक रकाना केला.
तिथी. नुसती अक्षरं, रूपांतर नाही.
एकशे अकरा होड्यांसमोर तो रिकामा आहे.