टीप क्रमांक एकोणचाळीस

मुलाखत सव्वा तासाची. यंत्राने
चार मिनिटांत उतरवून दिली,
परिच्छेद पाडून, विरामचिन्हांसकट.
धुरपताबाई मारबते त्यात बोलत होत्या
रेडिओवरच्या बातम्यांसारखं.

"मी तलावावर जातो," म्हणाल्या होत्या बाई.
त्याने "जाते" केलं.
"बोडीतलं पानी"चं झालं "बोटीतलं पाणी".
आणि शेवटी हे एक वाक्य:
"पाणी हीच आमची आई."
सुंदर. प्रकरणाच्या माथ्यावर शोभेल असं.

मी ते तिथे ठेवलंही होतं. दोन दिवस.

मग रेकॉर्डिंग लावलं. पुन्हा लावलं.
त्या जागी एक बकरी ओरडते
आणि बाई कुणाला तरी म्हणतात,
हाकल तिले.

सर म्हणाले, असू दे की,
भावार्थ तर तोच आहे.
कोण जातंय विचारायला?

साकोलीहून सकाळची गाडी.
धुरपताबाई फाटलेलं जाळं विणत होत्या,
मी छापील पानं वाचत गेले.
मासे ओळीने बरोबर होते,
मरळ, दाडक, शिंगूर;
आईपाशी त्यांचा हात थांबला.
"हे मी नाही बोललो, पोरी.
पन बोलते चांगली.
कोनाची आहे थे?"

मला सांगता आलं नाही.
घरी येऊन टीप तेवढी लिहिली:

लिप्यंतर यंत्राचं.
पडताळणी माझी, धुरपता मारबते यांच्या अंगणात.
दुरुस्त्या सहासष्ट.
एक वाक्य काढलं आहे,
तिथे बकरी होती.