दोन बोटं

रॉकेल पोह्याच्या ताटलीत. ती ताटली गेली ती गेलीच.
हब त्यात बुडवला तसा आधी काळा रडला,
मग तपकिरी, मग नुसताच वास.
चाळीस वर्षांचं तेल, काकवीसारखं आळलेलं,
नखाने खरवडलं तर निघतं, नखाला सोडत नाही.

असली गिअरं आता ग्वाल्हेरात कुणी उघडत नाही.
फालका बाजारात एक जण म्हणाला, बेच दो, शोपीस है.
शेवटी दौलतगंजाच्या बोळात इकरार सापडला,
शिलाई मशीनवाला.
साइकिल का तो नहीं मालूम, साहब, पर दाँते तो दाँते हैं.
मग आम्ही दोघं जुन्या वर्तमानपत्रावर
एकेक चकती निघेल त्या क्रमाने मांडत गेलो.
उकाडा मरणाचा, पण पंखा लावायची हिंमत नव्हती.
स्प्रिंगा केसाएवढ्या.

सायकल द्वारका आत्याची.
टीके लावणारी बाई म्हणून सारं लष्कर तिला ओळखायचं.
हँडलला बर्फाचा थर्मास, कॅरिअरला रजिस्टर,
आणि समोर सत्यनारायणाची टेकरी,
जिथे बकऱ्यासुद्धा मधे दम खातात.
बावीस वर्षं.
खटक्यावर आकडे तीन. मधल्याला हात लावायचा नाही,
हे तिने मला सायकल शिकवताना ब्रेकच्याही आधी सांगितलं.
मधला दगा देतो. पायडल एकदम पोकळ होतं,
अंधारात पायरी चुकावी तसा पाय खाली जातो.
तिच्या हनुवटीवर त्या पोकळीची खूण आहे.
लोक विचारायचे, देवी आल्या होत्या का?
टीकेवालीला!

इकरारने चष्मा कपाळावरून खाली घेतला.
आत कुत्री असतात चार, फ्रीव्हीलला असतात तशीच,
दोन उजवीकडे, दोन डावीकडे.
उजवी म्हातारी, बोथट, दात पडल्यासारखी.
डावी कोरी.
जन्मात कुणाला चावली नव्हती.
साहब, इधर वाले तो कुँवारे हैं.

डावी म्हणजे पहिलं गिअर. चढाचं.
दारात कुणी बाई फॉल लावायची साडी घेऊन उभी होती,
इकरार तिला म्हणाला, बाद में,
आणि आम्ही त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिलो.

धुतलं, पुसलं, तेल दिलं, जोडलं. तीन दुपारी गेल्या.
एक वायसर उरला. त्याचं काय करायचं ते अजून कळलं नाही.
आणि पहिलं तरी लागेना.
खटका एकवर, तर चाक दोनमध्ये;
खटका दोनवर, तर चाक कुठेच नाही.
तेव्हा कुठे मी नळीवरचा पट्टा नीट पाहिला,
तार जिथे टेकते तो.
त्याच्या पुढे, रंगात रुतलेलं एक कडं.
पट्टा मूळचा तिथला.
कुणी पंक्चर काढताना मागे सरकवला असेल,
कुणी नुसताच फडक्याने पुसताना.
स्क्रू सैल केला. पट्टा दोन बोटं पुढे. स्क्रू आवळला.

हब उघडायची गरजच नव्हती.

इकरारने पैसे घेतले नाहीत, वायसर मात्र ठेवून घेतला.
घरापर्यंत सायकल मी हातात धरून आणली, बसलो नाही.
सांगावं की नाही, हे वाटेत काही ठरेना.

आत्या दाराशी मटार सोलत होती. सांगितलं.
म्हणजे एक होतं? ती म्हणाली.
चार-पाच शेंगा सोलून झाल्यावर पुन्हा:
दुकानदार म्हणाला होता तेव्हा,
चढावर एक घ्या, बाई, हलकं जाईल.
मला वाटलं, हलकं म्हणजे एवढंच.

मी मागचं चाक उचलून तिच्या चांगल्या कानाशी धरलं.
तीनला टिक, टिक. दोनला टिकटिकटिक.
एकला काही नाही.
पहिल्यात हा हब बोलतच नाही, त्याची रीतच तशी.
बंद पडलं रे, ती म्हणाली.
नाही आत्या, लागलंय.

तिने टोपली बाजूला सारली, हात पदराला पुसला,
आणि पायडल हाताने फिरवू लागली.
मी चाक धरून उभा.
फिरवत राहिली,
टेकरी संपेपर्यंत.