नाल्याचं नाव

जलानयन खात्याच्या शिवलीला मॅडम
स्कूटर लावून हेल्मेटसकटच म्हणाल्या,
ह्या हळ्ळाचं नाव काय?
रकाना होता कागदावर. आमच्याकडं नाव नव्हतं.

वर, अंजनीच्या जाळीत, जानेवारीत
जांभ्याच्या कपारीतून नुसती ओल सुटते.
मुंग्या ती ओलांडत नाहीत, वळसा घालून जातात.
तिथं कुणी त्याला झरा म्हणतं, कुणी काहीच म्हणत नाही.
भरमाण्णाच्या रताळ्यांपाशी आला की ओहोळ.
म्हशी बसतील इतका झाला की ओढा.
आणि जांबोटी रस्त्याच्या मोरीतून पलीकडं निघतो
तो हळ्ळ म्हणूनच.
लहानपणी आम्ही मोरीत वाकून बघितलंय,
बदलतो कुठं नेमका:
अंधार, एक रबरी चप्पल,
आणि मारलेली हाक परत यायची, थोडी ओली होऊन.

टेप धरा, मॅडम म्हणाल्या. शून्याची कडी माझ्या बोटात.
तीस मीटर, खूण, परत तीस.
मधे मी विचारलं, जलानयन म्हणजे पाण्याचा डोळा काय?
हसल्या. नयन नव्हे, आनयन. आणणं.
तुमच्यात काय म्हणतात?
पाणलोट, म्हणालो,
आणि म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं
की ह्यात आणणारं कुणीच नाही,
सगळं आपलं आपण खाली लोटतंय.
डोळाच बरा होता.

माथ्यावर शाळा. एक खोली मराठी, एक कन्नड,
वर आढं एकच, लांबच्या लांब,
म्हणून दोन्ही वर्गांना दोन्ही पाखी.
पश्चिमेच्या वळचणीचं पाणी म्हादईला लागतं,
गोव्यात जाऊन खारं होतं.
पूर्वेचं मलप्रभेत, मग कृष्णेत,
मग इतकं लांब की आमच्यातलं कुणी तिकडचा समुद्र बघितलेला नाही,
एक सोमाण्णाचा पोरगा सोडून. तो नेव्हीत, विशाखापट्टणला.

कौलं मात्र इथलीच.
खालच्या वळणाला ओढा सुस्तावतो, माती टाकतो,
ह्याच डोंगराची, वर्षभर किसून आणलेली.
तुळसव्वा कुंभारणीनं ती तुडवली,
चाकावर नळा उठवला, दोऱ्यानं चिरून एकाची दोन केली,
भाजली, आणि डोक्यावरून परत वर पोचवली
सतरा खेपांत.
अठरावी खेप निसटली. तिचे तुकडे
ओढ्यात अजून सापडतात, कडा गोल झालेले.

मॅडमनी बाटलीत उरलेलं पाणी
नेम धरून आढ्यावर फेकलं.
आम्ही दोघं दोन वळचणींखाली उभे, थेंबाची वाट बघत.
नाही आला. इकडं नाही, तिकडंही नाही.
वाळल्या कौलांनी सगळं पिऊन टाकलं.
वर एक गडद डाग, निजलेल्या वासराएवढा,
तोही कडेनं विटत चालला.

लांबी भरली: दोन किलोमीटर आठशे दहा.
नावापुढं त्यांनी पेन्सिल टेकवली,
उचलली,
टोपण शोधत बसल्या, पेन्सिलीला नसलेलं.

उतरताना भरमाण्णा रताळी खणत होता.
कुठनं येउलालास रे?
ओढ्यावरनं, म्हणालो.
कुठल्या, असं त्यानं विचारलं नाही.
दोन रताळी दिली, मातीसकट.