वाफसा

माघात गारा पडल्या वाठोड्याला,
आणि वाडीतली काळी माती पुन्हा पाणी पिऊन बसली,
फुगलेली, मुकी.
चिखलात एक चप्पल गेली. ती अजून तिथंच आहे.

झिंगरमावसा बांधावरून म्हणाला,
"आता नांगर घालशीन तं विटा निघतीन, बाई.
मांगच्या साली पाह्यलं नं?"
पाहिलं होतं. चैत सरेपर्यंत ढेकळं फोडत होते मी
मोगरीनं, कपडे धुतल्यासारखी,
आणि काकडीचं बी त्यांच्याखाली आंधळं होऊन मेलं.

म्हणून यंदा आधी चर.
सकाळभर पावडं, सब्बल, पावडं.
नाल्याकडे वीतभर उतार द्यायचा,
एवढंच काम. पण पाण्याला ते पटत नव्हतं;
मधेच थांबून माझ्याकडे बघायचं.
हातभर खाली बांगडीचे हिरवे तुकडे निघाले,
एक खेकडा, रागावलेला,
आणि मग, दुपारच्या भोंग्याच्या सुमारास,
कुणी घोट गिळावा तसा आवाज:
गुटुक.
पाणी चाललं.

त्यानंतर नऊ दिवस काहीच केलं नाही.
हेच जास्त कठीण.
रोज एक मूठ माती दाबायची,
कमरेएवढ्या उंचीवरून सोडायची.
लाडू पडायचा, लाडूच राहायचा.

आज फुटला.

मावसाची बैलजोडी मात्र उमरेडला गेलीय,
भाच्याच्या शेतावर, परवापर्यंत.
मी चराच्या काठी बसले,
बोटानंच एक ओळ ओढली, एवढीशी,
तिच्यात दोन बिया टाकल्या
आणि कुणी पाहिलं तर नाही ना, ते पाहिलं.