सतरा नंबरचा खण

जानेवारीत इसाफ्योर्दुरला सकाळ अशी नसतेच.
अकराच्या सुमारास आकाश थोडं राखाडी होतं, तेवढंच.
हाल्बेरा साडेचारला केबिन उघडते, बूट झटकते.

डोंगरावरच्या बर्फाचं ओझं मोजणारी मशीन
काल वीज गेली तेव्हा पडली आणि आपली आपण उठली.
उठली खरी.
पण कुणाच्या हाताने?

रिस्टार्ट. एफ-टू. निळा पडदा.
सिक्युरिटीच्या पानावर चिप: चालू.
ट्रस्टेड बूट: चालू.
हाल्बेरा नाक मुरडते.
‘उघडे आहे’ अशी पाटी टांगून
आतून कडी घातलेली दुकानं
तिने कमी पाहिली नाहीत.

मग ती आत शिरून चिपचे खण वाचत जाते.
पहिल्या काहींत आकडे,
लांबलचक, वेडेवाकडे, जिवंत.
सतरा नंबरला
एफ एफ एफ एफ एफ एफ
शेवटापर्यंत एफ.
माप घेणारा जागा आहे, टेपही हातात आहे,
त्याला हाकच गेलेली नाही.

हा काही कुणाला अडवत नाही.
दारातून जो जाईल त्याचं माप लिहून ठेवतो,
आणि लिहिलेलं खोडू देत नाही.

तिचा बाप मासळीच्या कारखान्यात रात्रीचा राखणदार होता.
कुलूप लावलं की तीनदा हिसका देऊन बघायचा.
आता वरच्या आश्रमात असतो.
परवा रविवारी म्हणाला, तू कोण?
हाल्बेरा.
कुणाची?
थोर्केलची.
जरा विचार करून म्हणाला,
थोर्केल कोण?

तिथे तिच्याकडे पुढचं उत्तर नव्हतं.
मग त्याने तिची बाही धरली
आणि ओढली.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा ओढायचं विसरला.

दोष सिगमारचा निघतो. डिसेंबरच्या अपडेटमध्ये
बूटच्या यादीतली एक ओळ त्याने उडवलेली.
ती परत लिहिते. रिस्टार्ट.
पंखा घरघरतो, कॉफी निवते,
खाली रस्त्यावरून बर्फ ढकलणारी गाडी जाते.

सतरा नंबर: चार, बी, नऊ, शून्य, ई…
पहिले आठ आकडे ती पेन्सिलीने वहीत उतरवते,
पुढच्या वेळी ताडून बघायला.
वहीवर कुणाचा पहारा,
हे तिला विचारायला इथे कुणी नाही.